मोटारीच्या दिव्याची वाट

समजा कार्तिकातली रात्र आहे. हिंगोलीचे काम उरकता उरकता उशीर झाला आहे. कळमनुरी मागे पडली आहे आणि तुम्ही एका जुन्या जीपगाडीतून आखाडा बाळापूरकडे निघाला आहात. गाडीचे दिवे लागले आहेत खरे, पण त्यांचा उजेड कसा? देव्हाऱ्यातली समई बरी म्हणावी, असा. पुढे काहीतरी हलते. वासरू असेल का? अगदी जवळ गेल्यावर कळते की ती बैलगाडी आहे. गाडीला कंदील नाही, आणि गाडीवानाला पोत्यांवर डोळा लागला आहे. ब्रेक वेळेवर लागतो म्हणून त्या रात्री दोन घरांवरचे संकट टळते.

दुसऱ्या दिवशी गाडीचा मालक वायरमनकडे जातो आणि म्हणतो, “काय वाटेल ते कर, पण चांगला मोठा बल्ब टाक.” आपण सगळेच असे म्हणतो. पण हा मोठा बल्ब पुष्कळदा काहीच साधत नाही, आणि कधी कधी तोच घात करतो. असे का, हे समजायचे तर मोटारीच्या दिव्याचा इतिहास थोडा चाळावा लागेल.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्या काळी मोटारीला विजेचे दिवे नव्हते. काही गाड्यांना तेलाचे कंदील असत. पुढे कार्बाईडचे दिवे आले. कार्बाईड म्हणजे तेच, ज्याने व्यापारी आंबे पिकवीत आणि ज्यावर आता बंदी आहे. त्यावर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघतो; तो जाळून उजेड करायचा. ड्रायव्हरने खाली उतरावे, पाणी घालावे, काडी ओढावी, मग पुढे निघावे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी विजेने गाडी सुरू करण्याची सोय केली. दिवेही विजेचेच दिले. तेव्हापासून बॅटरी, डायनामो आणि दिवे ही मोटारीची नेहमीची भावंडे झाली.

आपल्या भागात, म्हणजे त्या वेळच्या हैदराबाद संस्थानात, निजामाच्या रेल्वेने १९३२ साली मोटार वाहतूक खाते सुरू केले. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ माणसे एवढाच पसारा होता. त्या गाड्या स्कॉटलंडमधल्या अल्बियन कारखान्याच्या होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. गावोगाव विजेचे खांब पोचायला मात्र फार वर्षे लागली. त्यामुळे विजेचा उजेड कित्येक खेड्यांनी प्रथम पाहिला तो घरात नव्हे, तर धुरळ्यातून येणाऱ्या मोटारीच्या कपाळावर.

याच सुमारास जीप आली. युद्धातल्या जीपगाडीची बॅटरी सहा व्होल्टची होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाट गाड्या केल्या. पुढे त्याच ‘पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेल्या. बंगालमधल्या उत्तरपाड्याहून ॲम्बॅसडर आली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात गेल्या. तरी गावाकडे एखाद्या गोठ्याच्या पडवीत, ताडपत्रीखाली, यांतली एखादी गाडी अजून जपलेली दिसते. आजोबांची गाडी म्हणून नातू ती पुसतो आणि दिवाळीला बाहेर काढतो. आपला प्रश्न या गाड्यांचा आहे.

आता मुद्द्यावर येऊ. वीज म्हणजे पाटाचे पाणी समजा. विहिरीवर मोट चालते आहे. पाणी थारोळ्यात भरपूर पडते, पण पाट लांब, अरुंद आणि जागोजाग फुटलेला असेल तर शेवटच्या वाफ्यात काय पोचणार? वाफा मोठा केला म्हणून पाणी वाढत नाही. जुन्या गाडीत नेमके हेच होते. बॅटरीतून निघालेली वीज आधी ड्रायव्हरसमोरच्या बटणाकडे जाते. तिथून पायाखालच्या डिपरच्या बटणाकडे, आणि तिथून पुन्हा पुढे दिव्यापर्यंत. वाट लांब आणि तार बारीक. बटणांचे ठोके जळून काळे झालेले, आणि जोडांवर हिरवा गंज. परतीची वाट तर गाडीच्या पत्र्यातूनच असते. पत्रा गंजला की तीही अडते. बॅटरीपाशी बारा व्होल्ट असतात, पण दिव्यापाशी दहाच भरतात. उरलेले दोन वाटेतल्या तारा तापवण्यात जिरतात.

दोन व्होल्ट म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण तारेच्या बल्बचा स्वभाव चमत्कारिक आहे. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले तर उजेड दहा टक्के नव्हे, सुमारे तीस टक्के कमी होतो. वीस टक्के कमी झाले तर निम्माही उरत नाही. सहा व्होल्टच्या गाडीचे दुखणे याहून मोठे. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला दुप्पट करंट लागतो, आणि तीच तार असेल तर नुकसानीचे प्रमाण चौपट होते. म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतले बहुतेक कारखानदार बारा व्होल्टकडे वळले.

आता मोठ्या बल्बचे पाहू. शंभर वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर जवळजवळ सतरा अँपिअर ओढतात. जुन्या गाड्यांचा डायनामो देणार वीस-बावीस. मग इंजिनाच्या ठिणगीला आणि बॅटरी भरायला उरले काय? शिवाय जास्त करंट त्याच बारीक तारेतून गेला की नुकसान आणखी वाढते. तार तापते, जुने सुकलेले रबर तडकते, आणि एखाद्या रात्री डॅशबोर्डखालून धूर येतो. आडातले पोहऱ्यात येईना म्हणून पोहरा मोठा केला, तर दोरच तुटायचा.

यावरचा उपाय जुनाच आहे, आणि तो मोटारीच्याही आधीचा आहे. लांब तारेतून क्षीण झालेल्या विजेला नवा जोर कसा द्यावा, हा प्रश्न तारायंत्राच्या वेळी पडला होता. १८३५ च्या सुमारास अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी युक्ती दाखवली की, क्षीण विजेने फक्त एक लोहचुंबक जागा करावा, आणि त्या चुंबकाने दुसऱ्या ताज्या विजेचे दार उघडावे. हाच रिले. डाकेचा थकलेला घोडा ठाण्यावर थांबतो आणि ताजा घोडा टपाल पुढे नेतो, तसे हे आहे.

गाडीत हेच करायचे. पूर्वी सगळे पाणी मालकाच्या ओसरीवरून वळवून नेत होते. आता मालकाने ओसरीवर बसून फक्त हाक द्यायची; दार उघडणारा गडी विहिरीजवळच उभा. जुन्या बटणातून रिलेला जातो जेमतेम पाव अँपिअरही नाही इतका करंट. दिव्याचा खरा करंट बॅटरीकडून जाड तारेने, थेट आणि जवळच्या वाटेने जातो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. वरच्या उजेडाला एक रिले आणि डिपरला दुसरा, असे दोन लावावेत. फ्यूज बॅटरीजवळ हवा. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज असतील तर एक गेला तरी दुसरा घरी पोचवतो. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी वॉशर घालावा. अर्थिंगची तार रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला घट्ट आवळावी. आणि काही जुन्या इंग्रजी धाटणीच्या गाड्यांत अर्थिंग बॅटरीच्या धन टोकाला असते, ते आधी पाहावे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडायला विसरू नये.

पण त्याही आधी एक काम करा. दिवे लावून मीटरने बॅटरीपाशी आणि बल्बच्या होल्डरपाशी व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून फार नसेल तर दोष तारेत नाही. मग परावर्तकाचा मुलामा गेलेला असेल, नाहीतर काच धुरकटली असेल. पुष्कळदा जोड घासून साफ करणे एवढेच औषध पुरते.

येथे एक अडचण आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होते. मोठी फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठीही नसते. म्हणून जुनी तार कापू नका. नवी तार तिच्या शेजारून न्या आणि मूळ जोडांतच बसवा, म्हणजे उद्या काढली तर गाडी होती तशी राहील. मूळ तारांवरचे विणलेले सूत, त्यांचे रंग, त्यांच्या गाठी हेही दप्तरच आहे. ल्युकासच्या पद्धतीत वरच्या उजेडाची तार निळी-पांढरी आणि डिपरची निळी-तांबडी. असे दप्तर फाडायचे नसते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. दिवा आपल्यासाठी आहे तसाच तो समोरच्यासाठीही आहे. पहिल्या मोटारींना डिपर नव्हता. एकाच बल्बात दोन तारा घालून उजेड खाली वळवण्याची सोय १९२० च्या दशकात आली. समोरून सायकलवाला येतो, शाळेतून परतणारी पोरे येतात, बैल येतात. त्यांच्या डोळ्यांवर झोत पडला की काही क्षण ती आंधळीच होतात. जुन्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब खुपसला तर उजेड रस्त्यावर न पडता चहूकडे फाकतो. मालकाला वाटते, काय लख्ख झाले! समोरचा मात्र नालीत जातो. आज अकोला-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ झाला आहे, वेग वाढला आहे. म्हणून ही जबाबदारीही वाढली आहे. दिवे नीट केल्यावर संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची पाहा, आणि आपल्या बैलगाडीच्या मागेही चमकणारी पट्टी लावा. उजेड घेणाऱ्याने थोडा उजेड परतही दिला पाहिजे.

गुरुजींना एक विनंती. हा धडा वर्गात पाच मिनिटांत दाखवता येतो. टॉर्चचा बल्ब आणि दोन सेल घ्या. आधी आखूड तांब्याच्या तारेने बल्ब लावा. मग मध्ये शेगडीच्या टाकाऊ कॉइलचा वीतभर सरळ केलेला तुकडा जोडा. उजेड मंदावलेला मुलांना दिसेल. मग विचारा, “बल्ब तोच, सेल तेच, मग उजेड गेला कुठे?” उत्तर त्यांनाच शोधू द्या. शेतकऱ्याची पोरे आहेत ती. पाणी वाटेत जिरते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.