आजारी घोरपडीची शुश्रूषा : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव व त्यासारख्या शेतीप्रधान गावांच्या परिसरात बांध, ओढे आणि पडक्या विहिरी ही घोरपडीची आश्रयस्थाने असतात. नांगरटीत जखमी झालेली किंवा उन्हाळ्यात पाण्यावाचून मलूल पडलेली घोरपड एखाद्या सहृदय माणसाच्या हाती लागली, तर तिला पिंपात ठेवावे, दूध पाजावे, असे त्याला वाटते. हेतू चांगला असला तरी असा उपचार तिच्या जिवावर बेतू शकतो. हे अज्ञान एका व्यक्तीचे मानता येणार नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. सरड्याच्या कुळातील प्राण्याकडे 'रुग्ण' म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेत फार उशिरा आली, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरेतील स्थान

आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत घोरपड 'गोधा' या नावाने येते. बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या गटात तिची गणना असून तेथे तिच्या मांसाचे गुण सांगितले आहेत. म्हणजे वैद्यकात ती आली ती औषध व आहार म्हणून. पशुवैद्यकाची परंपरा आपल्याकडे समृद्ध होती. परंतु शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वचिकित्सा आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद यांचे विषय घोडा व हत्ती हे होत. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथातही हत्ती-घोड्यांचाच विस्ताराने विचार आहे. जो प्राणी राज्याच्या, सैन्याच्या किंवा शेतीच्या उपयोगाचा, त्याच्यासाठी चिकित्सा निर्माण झाली.

लोकपरंपरेत या कुळाचे स्थान वेगळे आहे. पंचांगात पल्लीपतनाची फळे दिलेली असतात. म्हणजे पाल ही शकुनाची खूण. इ. स. १६७० मधील सिंहगडाच्या लढाईच्या पोवाड्यात तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीला मानाचे स्थान मिळाले. घोरपडे घराण्याच्या आडनावाची कथाही याच प्राण्याशी जोडली जाते. मात्र शौर्यकथेत मिरविणाऱ्या या प्राण्याची प्रत्यक्षात तेलासाठी, कातड्यासाठी व मांसासाठी शिकार होतच राहिली. तिच्या नराचे जननांग 'हाथाजोडी' या नावाने दुर्मीळ मुळी म्हणून विकले जाते, ही फसवणूक अलीकडच्या काळातही उघडकीस आली आहे.

संस्थात्मक पशुवैद्यक आणि १९७२

एकोणिसाव्या शतकात चित्र काहीसे बदलले. मुंबईचे पांजरपोळ १८३४ मध्ये स्थापन झाले, १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी उभी राहिली आणि १८८६ मध्ये परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या संस्थेने आश्रय दिला, दुसरीने अभ्यास केला, तिसरीने चिकित्सा शिकविली. परंतु सरपटणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला यांपैकी मुख्यतः अभ्यासच आला. निजामाच्या राज्यात असलेल्या हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. अशा लष्करी ठाण्यात पशुचिकित्सेची निकड असे ती घोड्यांसाठी.

मराठवाड्याच्या दृष्टीने १९७२ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. भीषण दुष्काळाच्या त्याच वर्षी परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले आणि केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियमही संमत झाला. या अधिनियमानुसार घोरपड आज पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. असा प्राणी कोणाच्या ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवून त्यांच्या स्वाधीन करावा लागतो. कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले. शुश्रूषेचे ज्ञान मात्र गावापर्यंत त्या वेगाने पोहोचले नाही.

शुश्रूषेचे शास्त्र

घोरपडीचे शरीर स्वतःची उष्णता पुरेशी निर्माण करीत नाही. तिचे पचन बाहेरच्या उबेवर अवलंबून असते. क्रियाशील घोरपडीचे शरीर सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हिवाळ्याच्या रात्री थंड फरशीवर ठेवलेल्या प्राण्याला मांस भरविले, तर ते पोटात पचण्याऐवजी कुजते. पोट फुगते, उलटी होते. याउलट मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या पिंपात ठेवलेली घोरपड सावलीअभावी तडफडून मरते. ऊब आणि सावली या दोहोंमध्ये निवड करण्याची मोकळीक तिला हवी.

पाण्याची बाबही अशीच आहे. हे प्राणी नत्रयुक्त मळ यूरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या घट्ट लगद्यासारखा टाकतात. त्यामुळे पाण्याची बचत होते. परंतु शुष्कता वाढल्यास हेच आम्ल मूत्रपिंडात व सांध्यांत साचते. डोळे खोल जाणे, कातडीची घडी लवकर न उलगडणे, पांढरा मळ पिवळट व कठीण होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणून उपचाराचा क्रम आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी अन्न असा आहे. उथळ कोमट पाणी जवळ ठेवावे. प्राणी निपचित असल्यास मात्र तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी सलाइन देणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. दूध पचविण्याची क्षमता या प्राण्यांत नसते.

शहरांत पाळल्या जाणाऱ्या परदेशी इग्वानालाही हीच तत्त्वे लागू पडतात. अशा प्राण्यांच्या स्वेच्छा नोंदणीचे आवाहन केंद्राने २०२० मध्ये केले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर व २०२४ च्या नियमांनंतर आंतरराष्ट्रीय करारातील सूचीबद्ध प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणीमुळे मालक कळतो. प्राण्याचे पचन त्याने सुधारत नाही.

समारोप

उपयोगाचा प्राणी तोच चिकित्सेचा अधिकारी, हा आपल्या पशुवैद्यकाच्या इतिहासाचा दीर्घकाळचा निकष राहिला. १९७२ च्या कायद्याने तो तत्त्वतः मोडला. व्यवहारात तो मोडण्याचे काम अपूर्ण आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन परिसरातील समजुतींची नोंद करावी आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक, ४८ तासांची कायदेशीर मर्यादा व 'ऊब, पाणी, अन्न' हा क्रम विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावा. गोरेगावच्या बांधावर सापडलेली घोरपड वाचेल की नाही, हे पहिल्या काही तासांत ती कोणाच्या हाती पडते यावर ठरते; आणि त्या हातांना शिकविणे हे आपल्याच कक्षेतील काम आहे.