मामा तलावातला मामा कोण?

कानात हेडफोन असो किंवा हा भाग तुम्ही इथे वाचत असा, आज आपण जीकेचा डाव खेळणार आहोत आणि मैदान आहे आपला गोंदिया जिल्हा. अभ्यासिकेत बसून तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना यातून एखादा मार्क मिळाला तर मिळाला. बाकीच्यांनी मजा घ्या.

आधी पटापट तीन प्रश्न. गोंदिया जिल्हा कधी झाला? १ मे १९९९, भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन. म्हणजे महाराष्ट्र दिन आणि जिल्ह्याचा वाढदिवस एकाच तारखेला, आपली एक सुट्टी बुडाली. दुसरा, गोंदिया हे नाव कशावरून? सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते गोंदावरून, म्हणजे डिंकावरून. जंगलातला डिंक इथल्या बाजारात यायचा. तिसरा जरा वाकडा आहे. १९५१ साली मध्य प्रदेशची राजधानी कोणती होती? भोपाळ म्हणालात ना? चूक. नागपूर! तेव्हा आपला भागसुद्धा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. हे उत्तर खिशात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

आता आजचा मुख्य प्रश्न. गावाबाहेर पाटी दिसते, ‘मा. मा. तलाव’. लोकही सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा कोणाचा?

कोणाचाच नाही. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. माल म्हणजे इथे जमिनीचा सारा, आणि तो सरकारात भरणारा तो मालगुजार. पण या दोन अक्षरांतला ‘माजी’ हा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तलाव माजी कसा होतो? पाणी तर तिथेच आहे.

त्यासाठी मागे जावं लागेल. गाईडबुकात एक ओळ असते, ‘भंडारा-गोंदिया : तलावांचा जिल्हा’. वाचणाऱ्याला वाटतं की निसर्गानं दिले असतील. तसं नाही, यातले बहुतेक तलाव माणसांनी बांधलेले आहेत. दोन-तीन बाजूंनी टेकड्या किंवा चढ, आणि उतरत्या बाजूला मातीची लांब पाळ. पाळीखाली धानाची शेती. एका तलावाचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथून आणखी खाली. शेतातली छोटी असेल तर ती बोडी. नवेगावबांध, सिरेगावबांध ही गावांची नावं बघा, बांध नावातच आहे.

आता कोणी विचारेल, आपल्याकडे पाऊस एवढा पडतो, मग तलाव काहून पाहिजे? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण यायला पाहिजे. धानाचं दुखणं असं की पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये झोडपतो आणि सप्टेंबरच्या शेवटी दगा देतो. नेमकं तेव्हाच धान निसवायला लागलेलं असतं, लोंबी बाहेर येत असते. तेव्हाचं एक पाणी हुकलं की वर्ष गेलं. तलाव त्या एका पाण्यासाठी आहे.

हे काम कोणाचं? मुख्यतः कोहळी समाजाचं. आर. व्ही. रसेल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात आख्यायिका आहे की चांद्याचा गोंड राजा काशीला गेला आणि परतताना कोहळ्यांना घेऊन आला. तलाव बांधणं आणि ऊस पिकवणं यात त्यांचा हात धरणारा नव्हता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. साधारण ११ चौरस किलोमीटर पाणी, आणि तेव्हा ना जेसीबी ना सिमेंट! लोकांनी कोलू पाटलांना थेट देव केलं, कोलासूर देव. तलावाभोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनी बांधकामाला हात लावला अशी समजूत आहे. इंजिनिअरला देव करणारी गावं मला तरी दुसरीकडे माहीत नाहीत.

पुढे १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमिनीची पक्की व्यवस्था लावली. मालगुजारांना गावाचे मालकी हक्क मिळाले आणि गावासोबत तलावही त्यांचे झाले. पाळ फुटली, गाळ साचला, तर पाहायचं मालगुजारानं, राबायचं गावानं. उगाच गोड आठवणी काढू नका. त्या राबण्यात वेठबिगारही होती. पण जबाबदार कोण, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं.

आता खिशातलं उत्तर काढा. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपवणारा कायदा नागपूरला बसलेल्या मध्य प्रदेश सरकारनं केला. तो १९५० चा, आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. त्या दिवसापासून मालगुजार माजी आणि त्यांचे तलावही माजी. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. पाणी वापरायचा गावाचा जुना हक्क, ज्याला आपण निस्तार म्हणतो, तो कागदोपत्री राहिला. मालकी सरकारची, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासे धरणं ढिवर बांधवांच्या सोसायट्यांकडे. पाणी शेतकऱ्याचं. आणि गाळ? तो कोणाचाच नाही.

माझं मत विचाराल तर कायदा बरोबरच होता. जमीन एका वाड्यातून सुटायलाच हवी होती. पण वाड्याकडून काढून घेतलेली देखभाल गावाच्या हातात कोणी दिली नाही. गाळ चढत गेला, काठावर अतिक्रमणं झाली, पात्रात बेशरम पसरली. (हो, झुडपाचं नाव खरंच बेशरम आहे.) २०१७ ला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, काही ठिकाणी गाळ निघालाही. मात्र नुसतं खोल खणून तलाव जिवंत होत नाही. मासे आणि पाखरं जगतात ती पाणवनस्पतींवर, आणि मशीन ती सरसकट खरवडून नेतं. अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर बायांनी हे ओळखलं. त्यांनी बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती हातानं परत लावल्या. जेसीबीपेक्षा हळू काम, पण मासे परत येतात ते अशा कामानं.

तलावाच्या पाण्यावर आणखी एक जण जगतो. बोनस प्रश्न: जगातला सगळ्यात उंच उडणारा पक्षी कोणता? इथे ‘उंच उडणारा’ म्हणजे आकाशात उंच जाणारा नव्हे हं, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत अंगानं उंच. सारस! जवळजवळ सहा फूट. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्यात उरलाय, तोही दोन आकडी संख्येत. धानाच्या बांधीत घरटं करतो, तलावाच्या उथळ काठावर चरतो. म्हणजे काठ गेला की त्याचं ताट गेलं. काठ वाचला तर धानाला शेवटचं पाणीही मिळतं आणि सारसालाही.

यावेळचा घरचा अभ्यास: तुमच्या गावचा तलाव कोणत्या मालगुजारानं किंवा त्याआधी कोणी बांधला, ते आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. सातबाऱ्यावर त्याची नोंद कशी आहे हे बघितलंत तर डबल मार्क.

आणि पुढच्या भागाचा प्रश्न आत्ताच सोडतो. इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगावजवळ एक वस्ती आहे, जिथे दिवाळीपेक्षा लोसार जोरात साजरा होतो. १९७२ पासून तिथे राहणारे हे लोक कुठून आले?