लेसर केशनिर्मूलन व त्वचेचा वर्ण

शरीरावरील नको असलेले केस लेसर प्रकाशापासून निर्माण होणाऱ्या उष्णतेने मुळाशीच नष्ट किंवा क्षीण करण्याच्या पद्धतीस लेसर केशनिर्मूलन असे म्हणतात. केसाचा काळेपणा आणि कातडीचा सावळेपणा ही दोन्ही मेलॅनीन या रंगद्रव्याचीच कार्ये होत. त्यामुळे केसाला तापविणारा प्रकाश कातडीलाही तापवितो. गोऱ्या कातडीवरील काळ्या केसांच्या बाबतीत ही अडचण फारशी जाणवत नाही. भारतातील बहुसंख्य लोकांच्या बाबतीत मात्र ती प्रथमपासूनच विचारात घ्यावी लागते.

केस काढण्याचे उपाय प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत व्रणचिकित्सेच्या संदर्भात शंखचूर्ण व हरताळ (आर्सेनिकाचे सल्फाइड) यांचा लेप सांगितला आहे. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रवैद्यांनी पापण्यांचे आत वळलेले केस काढण्यासाठी केशपुटकात सुई घालून तीमधून विद्युत् प्रवाह सोडला. ही विद्युत् विच्छेदन पद्धत कातडीच्या किंवा केसाच्या रंगावर अवलंबून नसते. तथापि प्रत्येक केसासाठी सुई टोचावी लागत असल्याने ती फार वेळखाऊ आहे. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर वर्षभरातच, १८९६ मध्ये, व्हिएन्ना येथील लेओपोल्ट फ्रॉइंट यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ तिळावर त्यांचा प्रयोग केला. केस गळाले, पण पुढे त्या जागी व्रणही झाले. असे असूनही १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधनगृहांतून ‘ट्रायको’ नावाच्या क्ष-किरण यंत्राने असंख्य स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केस काढण्यात आले. कातडी सुरकुतणे, व्रण आणि कर्करोग हे त्याचे परिणाम पुष्कळ वर्षांनी दिसून आले. केशनिर्मूलनाचे कोणतेही नवे साधन बाजारात आले की हा प्रसंग आठवावा, इतका तो बोलका आहे.

१९६० मध्ये थीओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेसर तयार केला [⟶ लेसर]. त्याच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर होती. १९६३ च्या सुमारास सिनसिनॅटी येथील त्वचारोगतज्ञ लीऑन गोल्डमन यांना असे आढळले की, हा प्रकाश त्वचेतील रंगद्रव्ययुक्त भागांना, त्यांत केशपुटकेही आली, निवडून इजा करतो. या निरीक्षणाची उपपत्ती १९८३ मध्ये आर्. रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी मांडली. लक्ष्य शोषून घेईल अशी तरंगलांबी योजली आणि उष्णता आजूबाजूस पसरण्यापूर्वीच प्रकाशाचा स्पंद संपविला, तर शेजारील ऊतके सुरक्षित राहतात, असे तिचे सार आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या लेसर पद्धतीत केशपुटकांत कार्बनाची पूड भरून ती तापविली जाई. तिचा परिणाम तात्पुरताच ठरला. १९९६ मध्ये मेलनी ग्रॉसमन, अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी माणिक लेसरच्या स्पंदांनी १३ स्वयंसेवकांच्या केशपुटकांना झालेली इजा नोंदविली आणि आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला.

हे यश काळे केस आणि गोरी कातडी या जोडीचे होते. सावळ्या त्वचेत बाह्यत्वचेतील मेलॅनीनच बराचसा तांबडा प्रकाश अडविते. मुळापर्यंत थोडाच प्रकाश पोहोचतो आणि वरच्या थरात भाजणे, फोड येणे, कित्येक महिने टिकणारे काळे डाग किंवा पांढरे चट्टे पडणे असे प्रकार घडतात. चेहऱ्यावरील केसांमुळे आधीच संकोचलेल्या स्त्रीला केस परवडले, पण डाग नकोत, असे वाटावे, अशी ही स्थिती होती.

त्वचेच्या वर्गीकरणासाठी वापरण्यात येणारी टॉमस फिट्सपॅट्रिक यांची श्रेणी (१९७५) मुळात केसांसाठी नव्हती. सोरॅलेन हे औषध व जंबुपार किरण यांच्या संयुक्त उपचाराची मात्रा ठरविण्यासाठी, त्वचा उन्हाने भाजते की काळवंडते यावरून, गोऱ्या लोकांचे चार प्रकार तीत पाडले होते. (सोरॅलेन गटातील द्रव्ये बावचीच्या बियांत असतात आणि कोडावर बावची भारतात फार पूर्वीपासून वापरात आहे.) तपकिरी व काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा हे प्रकार नंतर जोडण्यात आले.

सावळ्या त्वचेचा प्रश्न तीन उपायांनी हलका झाला. तरंगलांबी वाढते तसे मेलॅनिनाचे शोषण घटते व प्रकाश खोलवर जातो; म्हणून ७५५ नॅनोमीटरच्या ॲलेक्झांड्राइट लेसरपेक्षा ८१० च्या आसपासचा डायोड लेसर व त्याहूनही १०६४ नॅनोमीटरचा निओडिमियम–याग लेसर अधिक निर्धोक ठरले. दुसरा उपाय म्हणजे लांब स्पंद. पातळ बाह्यत्वचा काही मिलिसेकंदांतच उष्णता बाहेर टाकते, तर जाड केशपुटक ती कितीतरी अधिक काळ धरून ठेवते. तिसरा उपाय थंड स्फटिक टेकवून किंवा शीतकारी द्रवाचा फवारा मारून पृष्ठभाग गार राखण्याचा. २००२ मध्ये व्हिक्टर रॉस व सहकाऱ्यांनी, दाढी केल्यावर केस कातडीत वळून गाठी येणाऱ्या चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या रुग्णांवर याग लेसर यशस्वीपणे वापरला. मात्र मेलॅनीन कमी शोषत असल्याने बारीक, फिकट केसांवर या लेसरचा प्रभाव कमी पडतो.

भारतीय त्वचारोगतज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ‘निर्मूलन’ नव्हे, तर केस ‘कमी करणे’ असाच शब्द योजिला आहे व तोच यथार्थ आहे. वाढीच्या अवस्थेतील केसांवरच परिणाम होत असल्याने काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. बहुपुटी अंडकोशाच्या विकारात हॉर्मोनांचा दोष कायम राहिल्यास केस पुन्हा येतात. क्वचित, विशेषतः तिसऱ्या व चौथ्या प्रकारच्या त्वचेवर, उपचाराभोवतीच्या भागात केस उलट वाढल्याचेही आढळले आहे.

प्रांत, भाषा किंवा जात यांवरून त्वचेचा प्रकार गृहीत धरणे चुकीचे होय. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे याचे चांगले उदाहरण आहे. महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित आले, १९४९ मध्ये वस्तीला हे नाव मिळाले आणि तिचे भाग आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ म्हणूनच ओळखले जातात. शहाड स्थानकाजवळील कॅम्प १ सारख्या मिश्र वस्तीत, किंबहुना एकाच घरातील दोन बहिणींतही, त्वचेचे निरनिराळे प्रकार आढळू शकतात; एकाच व्यक्तीचा उन्हात राहणारा हात व झाकलेली पाठ यांचीही मात्रा वेगळी ठेवावी लागते. म्हणून लहान जागी चाचणी घेऊन, काही दिवस वाट पाहून मगच पुढील उपचार करतात व उन्हाने नुकतीच काळवंडलेली त्वचा टाळतात. पिकलेल्या केसांत मेलॅनीन नसल्याने कोणत्याही वर्णाच्या त्वचेवर लेसर त्यांना काही करू शकत नाही. त्यांच्यासाठी मिशेल यांची १८७५ मधील सुईच आजही वापरतात.