अलिंद-पुनर्रचना

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, अनियमित ठोक्यांच्या जोडीने होणारे ऊतकांचे टिकाऊ बदल. अलिंद ताणून मोठे होते; काही स्नायुपेशी फुगतात, काही मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजेनचे तंतू साचतात. मॅसन ट्रायक्रोम रंग दिलेल्या काचेवर तांबड्या स्नायूंमध्ये घुसलेले हे तंतू निळे दिसतात. विद्युत्‌लहर तिथे अडते, वळसा घेते आणि फिरून मूळ जागी येते. अशा अनेक लहरी एकाच वेळी फिरू लागल्या की अलिंद मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरते. हेच एट्रियल फिब्रिलेशन. ईसीजीवरचा पी तरंग नाहीसा होतो. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ठोके मनगटावरच्या नाडीपेक्षा जास्त भरतात.

बदलांमुळे थरथर आणि थरथरीमुळे आणखी बदल, असे हे चक्र आहे. 1995 साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी शेळ्यांवर ते दाखवून दिले. लय पूर्ववत झाल्यावर विद्युत्-बदल आठवड्याभरात ओसरले. तंतूंचे जाळे मात्र सहजी मागे हटत नाही. म्हणूनच उशीर महागात पडतो.

उतारवयात याचे मूळ बहुधा उच्च रक्तदाबात असते. भारतात तरुणांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, संधिज्वराने आकसलेली मायट्रल झडप हे मोठे कारण आहे. डाव्या अलिंदावर वर्षानुवर्षे दाब राहतो, त्याच्या खिशासारख्या उपांगात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अशा रुग्णांना रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम देतात. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत याच गटातील औषधे नव्या रिव्हारोक्झाबॅनपेक्षा सरस ठरली. पण ती घेताना रक्त गोठण्याचा वेळ पाहणारी आयएनआर तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यात कराडलगत मलकापूरला 1984 पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून तपासणीसाठी दर खेपेला तिथे येणाऱ्या बाईची रोजंदारी बुडते. उपचाराचा विचार करताना हा खर्चही धरायलाच हवा.

झडप फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने मोकळी केल्यावर दाब उतरतो, पण तंतू फार झाले असतील तर लय परतेलच असे नाही. हे मुळातच रोखायचे तर संधिज्वर टाळायला हवा: स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे दुखणाऱ्या घशावर 9 दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केल्यास तो बहुधा टळतो. एकदा होऊन गेलेल्यांना दर 3 ते 4 आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात.