घरी वळलेली विडी आणि एक महिन्याची नोटीस

तेंदूपत्ता, तंबाखू घरी आणायची, स्वयंपाकपाणी उरकून हजाराच्या हिशेबानं विड्या वळून द्यायच्या. एक दिवस ठेकेदार म्हणतो, "उद्यापासून माल नाही." मग आपण कामगार की नाही?

हा वाद सिन्नरच्या विडी कारखान्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. प्रश्न एका विडी वळणाऱ्याच्या रजेच्या पगाराचा होता. 1961 साली निकाल लागला: तो मर्जीनं येतो-जातो, नगावर मजुरी घेतो, म्हणून कारखाना कायद्यानं तो कामगार नाही. कारखान्यात बसणाऱ्याची ही गत, मग घरी वळणारीला कोण विचारणार?

1966 साली विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा झाला. ठेकेदाराकडून माल घेऊन घरी वळणारीही त्यात कामगार ठरली. सहा महिने काम झालं असेल, तर त्या कायद्यानं सबळ कारणाशिवाय काढता येत नव्हतं. काढताना महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी द्यावी लागत होती. मालक कोर्टात गेले, पण 1974 साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला.

कायद्यांची नावं बदलतात, पुराव्याची गरज बदलत नाही. म्हणून दिलेला माल आणि मिळालेली मजुरी तारखेनिशी वहीत मांडू. जिला लिहिता येत नाही, तिची वही गटाच्या बैठकीत लिहू. काम तुटलं, तर ती वही घेऊन कामगार कार्यालयात सगळ्या मिळून जाऊ.