सोनपरीचा दाखला

काठी हे गाव नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. एके काळी ते मेहवासी संस्थानांपैकी एकाचे मुख्य ठिकाण होते. आज बाहेरच्यांस ते ठाऊक आहे ते तेथील राजवाडी होळीमुळे. मजुरांच्या नोंदणीच्या कामासाठी आम्ही त्या बाजूला गेलो असता एका तरुण ऊसतोड मजुराने आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, पोरीचं नाव सोनपरी ठेवलं, तर दाखल्यावर लिहितील ना?" आश्रमशाळेत असताना त्याने दूरदर्शन संचावर त्या नावाची मालिका पाहिली होती. सोन्याची परी येते आणि मुलीच्या अडचणी दूर करते, एवढे त्याला आठवत होते. त्याच्या आईचे म्हणणे मात्र निराळे. पोर बुधवारी जन्मली, तेव्हा ती बुधी.

आम्ही हसलो. हे कबूल केलेच पाहिजे. परतीच्या वाटेवर मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच हा विषय आपणांपुढे मांडण्याचे मनात आले. कोणी कोणते नाव ठेवावे आणि कोणाच्या नावाला लोकांनी हसावे, यालाही इतिहास आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे मूल पाळण्यात असतानाच त्याची समाजातली जागा नावाने ठरवून द्यावयाची. दगडू, धोंडू, कचरू, केरू ही नावे केवळ या नियमातून आली असे मात्र कोणी समजू नये. मुले जगत नसत, तेव्हा मृत्यूची नजर चुकवण्यासाठी आईबाप मुद्दाम हलके नाव ठेवीत, आणि ही चाल सर्व जातींत होती. ज्यांस 1958 साली भारतरत्न मिळाले, त्या महर्षी कर्व्यांचे नावही धोंडोच होते. फरक असा की वरच्या घरातील धोंडोला पुढे धोंडोपंत होता येई. गरिबाचा धोंड्या मरेपर्यंत धोंड्याच राही.

आता दुसरी बाजू पाहा. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने एक अद्भुत कथा रचली. तीत पोपट गोष्ट सांगतो, चंद्र माणसाच्या जन्माला येतो, प्रियकर मरून पुन्हा उठतात. तिची नायिका गंधर्वकन्या कादंबरी. हेच नाव मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले. एकोणिसाव्या शतकातील आपल्या आरंभीच्या 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) या कादंबऱ्यांनाही नायिकांचीच नावे आहेत. आज कादंबरी नावाची मुलगी भेटली तर कोणी हसत नाही. उलट घर सुसंस्कृत आहे असे म्हणतात. मग गंधर्वकन्येचे नाव चालते आणि परीचे का चालू नये? पुस्तकातले अद्भुत ते अभिरुचीचे आणि पडद्यावरचे अद्भुत ते अडाणीपणाचे, हा न्याय आम्हांस पटत नाही.

विलायतेतही हेच घडले. बॅरी या नाटककाराच्या 'पीटर पॅन' या नाटकाचा पहिला प्रयोग 1904 साली लंडनमध्ये झाला. त्यातील मुलीचे वेंडी हे नाव एका कवीच्या चिमुकल्या मुलीच्या बोबड्या बोलातून सुचलेले. पूर्वी क्वचितच ऐकू येणारे ते नाव पुढे हजारो मुलींस मिळाले. याउलट अलीकडे 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतील राणीच्या 'खलिसी' या पदवीवरून अनेकांनी मुलींची नावे ठेवली, आणि 2019 साली मालिकेच्या अखेरीस तीच राणी नगर जाळताना दिसली. गोष्ट पुरी होण्याआधी नाव ठेवू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपल्याकडे नावांची खरी क्रांती केली ती दलित समाजाने. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धर्मांतर. त्यानंतर वस्तीवस्तीतून सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे ऐकू येऊ लागली. त्या आईबापांनी कथेतून आणि इतिहासातून नावे घेतली, ती मूल ताठ मानेने उभे राहावे म्हणून.

डोंगरालाही कथांची उणीव नाही. याहा मोगी देवीच्या, राजा पांठाच्या गोष्टी तेथे आजही गातात. वारावरून बुध्या, मंगळ्या, सणावरून दिवाळ्या अशी नावे ठेवण्याची चाल त्या भागात जुनी आहे. तीत हलकेपणा काही नाही; जन्माचा दिवस लक्षात ठेवण्याचे ते साधन होय. होळीच्या रात्री कमरेला भोपळे बांधून नाचणारा बुध्या पाहिला म्हणजे त्या लोकांस अद्भुताची शिकवणी कोणी द्यावी असे वाटत नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो दाखल्याचा, आणि येथे आमचा धंद्याचा अनुभव कडू आहे. एका कारखान्यातील मजुराचे नाव मस्टरवर एक, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर दुसरे आणि बँकेत तिसरे लागले होते. तिन्ही माणसे एकच, हे सिद्ध करताना त्याचे निवृत्तीनंतरचे दीड वर्ष गेले. दोष नावाचा नव्हता. मजुराचे नाव विचारून, वाचून दाखवून लिहावे, एवढा मान त्याला कोणी दिला नव्हता.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे. त्यात मान्य नावांची यादी नाही. डेन्मार्कसारख्या देशात ती असते. आपल्या राज्यात जन्मनोंदीत बाळाचे नाव वर्षाच्या आत विनामूल्य घालता येते, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून लागणार आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावामागे महाराष्ट्रात आईचेही नाव लागते. म्हणजे पहिल्या कागदावरची एक वेलांटी चुकली, तर ती चूक जन्मभर सोबत चालेल.

आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगितले: नाव खुशाल ठेव, पण कागदावर ठळक लिहून घेऊन जा, आणि लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय तिथून हलू नकोस. तो गेला. कारकुनाने दोनदा विचारले, हसला, आणि 'सोनी' लिहू लागला. याने कागद पुढे केला. दाखल्यावर 'सोनपरी' आले.

आजी तिला अजून बुधीच म्हणते. पोर दोन्ही हाकांना ओ देते.