पडद्याला लागलेली गोळी

आमच्या उर्दू शाळेत नाटक बसवायचे ठरले की पहिली अडचण संहितेची नसते. आईची भूमिका कोण करणार, ही असते. मुलींचे उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. पण घरून परवानगी येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक वेळ चालते, बाहेरगावच्या स्पर्धेला जायचे म्हटले की पालक गप्प होतात. मग एखाद्या मुलाच्या डोक्यावर ओढणी टाकून आम्ही वेळ मारून नेतो. नाटकातली आई मरते तेव्हाही सभागृह हसत असते.

अशाच एका स्पर्धेहून परतताना एक पालक आम्हाला म्हणाले, "सर, आपल्यात हे कधीच नव्हते." त्यांच्या मनात राग नव्हता, काळजी होती. पण 'कधीच' हा शब्द इतिहासाचा आहे. म्हणून त्याचे उत्तरही इतिहासातच शोधावे असे आम्हाला वाटले. ते मलबारात सापडले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य स्थापन होण्यापूर्वी मलबार हा मद्रास राज्यातला एक जिल्हा होता. मापिळा मुसलमानांची तिथे मोठी वस्ती. स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात गावोगावी वाचनालये आणि कलासमित्या उभ्या राहत होत्या. शेतकरी, शिक्षक, कारकून दिवसभर काम करून रात्री तालमी करीत. पोन्नानीच्या इडश्शेरी गोविंदन नायर यांनी 'कूट्टुकृषी' लिहिले. हिंदू आणि मुसलमान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन शेती करावी, हा त्याचा विषय. कोळिकोडला टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या के. टी. मुहम्मद यांनी 'इदु भूमियाणु' लिहून आपल्याच समाजाला आरसा दाखवला. मलबार केंद्र कला समितीच्या नाट्यमहोत्सवांत अशा गावोगावच्या मंडळ्या आपापली नाटके घेऊन येत.

आज मलप्पुरम जिल्ह्यात असलेल्या निलंबूर गावातली युवजन कला समिती ही अशीच एक मंडळी. तिचे नाटककार ई. के. अयमू. त्यांच्या नाटकाचे नाव 'इज्जु नल्लोरु मन्सनाकान नोक्कु', म्हणजे 'तू चांगला माणूस व्हायला बघ'. यातला 'इज्जु' हा 'तू' साठीचा शब्द पुस्तकी मल्याळममधला नाही. तो तिकडच्या मुसलमानांच्या घरातला आहे. घरात दख्खनी किंवा कोकणी बोलणाऱ्या आणि बाहेर ती बोलायला संकोचणाऱ्या आपल्या लोकांना याचे मोल सांगायला नको. ज्या बोलीला लोक हसत, तीच बोली अयमूंनी नाटकाच्या नावात घातली.

सुरुवातीला या नाटकातही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. त्या स्त्रियांनीच कराव्यात, असे ई. एम. एस. नंबुदिरीपाद यांनी सुचवल्याचे सांगतात. पण मुलगी आणायची कुठून? त्याच गावात आयेशा नावाची एक किशोरवयीन मुलगी होती. वडील गेल्यावर घरची श्रीमंती ओसरलेली. लहान वयात एका प्रौढ माणसाशी निकाह लावून दिला गेला, तो काही दिवसांतच मोडला. ती ग्रामोफोनच्या साथीने गाताना अयमूंनी ऐकली आणि नाटकात येतेस का, असे विचारले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती रंगमंचावर उभी राहिली.

पुढे जे झाले ते सोपे नव्हते. धर्माच्या नावाने विरोध झाला, दगड पडले. एका प्रयोगात तिच्यावर एअरगनची गोळी झाडली गेली. नेम चुकला, गोळी पडद्याला लागली. तरी नाटक थांबले नाही. मंडळी पुढच्या गावाला गेली आणि आयेशाही गेली.

मग हे फक्त 'आपल्यात'च घडले काय? नाही. त्याच केरळात २४ डिसेंबर १९२९ रोजी, नंबुदिरी ब्राह्मणांच्या योगक्षेम सभेच्या अधिवेशनाच्या वेळी, व्ही. टी. भट्टतिरीपाद यांचे 'स्वयंपाकघरातून रंगमंचाकडे' अशा अर्थाच्या नावाचे नाटक झाले. नाव तसे, पण त्यातल्या स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या होत्या. त्या समाजाच्या स्त्रियांनी स्वतः नाटक करायला १९४८ साल उजाडले. आपल्या मराठी रंगभूमीचे काय? बालगंधर्वांच्या शालूवर आख्खा महाराष्ट्र भाळला होता. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा ती बातमी झाली. उंबरठा सगळ्याच घरांना होता. कुणी आधी ओलांडला, कुणी नंतर, एवढाच फरक.

मात्र या इतिहासाचे दुसरे पान आम्हाला अधिक अस्वस्थ करते. आयेशाने १९६१ च्या 'कंडम बेच्च कोट्टु' या मल्याळम चित्रपटात काम केले. पण कलेवर घर चालले नाही. हीच अभिनेत्री पुढे सौदी अरेबियात घरकाम करायला गेली आणि तिथे तिची कित्येक वर्षे गेली. मान-सन्मान उशिरा आले. तिच्या आयुष्यावर बेतलेला चित्रपट निघाला तोही २०२३ मध्ये. चळवळीला एक धाडसी मुलगी मिळाली, पण त्या धाडसाची किंमत मुख्यतः तिनेच चुकवली.

म्हणून त्या पालकांना आमचे उत्तर एवढेच आहे : भाईजान, हे आपल्यातही होते, आणि फार हिमतीने होते. पण हे उत्तर देताना आम्हा शिक्षकांनाही एक गोष्ट कबूल करावी लागेल. मुलीला रंगमंचावर नेणे सोपे आहे. प्रयोगानंतर तिला सुखरूप घरी पोहोचवणे, चार लोक बोलू लागले तर तिच्या घरच्यांच्या बाजूला उभे राहणे आणि तिचे शिक्षण तुटू न देणे, हे खरे काम आहे. तेवढी हमी आम्ही आजवर कोणत्या घराला दिली होती? परवानगी मागितली, जबाबदारी घेतली नाही.

यंदा तालमीआधी आम्ही संहिता बाजूला ठेवली आणि घरोघर गेलो. एका आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बसमध्ये माझ्यासाठी जागा आहे का?" जागा आहे. तिच्या शेजारची जागा तिच्या मुलीची.